खंडेनवमीला पुसलेली लाल फुली

मी एक जुना पोलादी साचा आहे. हडपसरच्या औद्योगिक वसाहतीत पंप बनवणारा एक कारखाना आहे, त्याच्या कचेरीबाहेरच्या काचेच्या कपाटात मी राहतो. कारखान्यात मला जिग म्हणतात. नाव परदेशी असले तरी मी पक्का पुण्याचा आहे. म्हणजे आपले म्हणणे नेहमी बरोबरच असते असे मला वाटते, आणि बरीच वर्षे ते खरेही होते.

मित्रांनो, तुम्ही कागदावर वाटी पालथी ठेवून तिच्या कडेने पेन्सिल फिरवता आणि छान गोल काढता ना? वाटी तुमच्यासाठी जे करते तेच मी कामगारांसाठी करत असे. मला पंपाच्या लोखंडी झाकणावर घट्ट बसवत. माझ्या अंगात कडक पोलादाच्या छोट्या नळ्या असतात, त्यांना बुश म्हणतात. ड्रिल त्या बुशमधून खाली उतरते आणि झाकणाला नेमक्या जागी भोक पडते. मोजायला नको, खुणा करायला नकोत. पुढे त्या भोकांतून बोल्ट घालून झाकण पंपाच्या अंगावर आवळतात. दोन्हीकडची भोके अगदी समोरासमोर आली पाहिजेत. जरा इकडेतिकडे झाले की बोल्ट आत जात नाही. बोल्टाला कुणाची भीड नसते.

मला बाबुरावांनी घडवले. ते कारखान्याचे फोरमन, मांजरी गावचे राहणारे. नाना पेठेतून आणलेली पोलादाची एक ओबडधोबड लादी त्यांनी कापली, घासली, तिला भोके पाडली. बुश तापवून लाल केले आणि तेलात बुडवले तेव्हा असा चरचराट झाला की शेजारच्या खात्यातले लोक डोकावून गेले. शेवटी माझ्या पाठीवर नंबर ठोकून ते म्हणाले, "झाला बघा. आता ह्यो आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त टिकतो का न्हाई ते सांगा." मला ते फार आवडले. त्या दिवसापासून मी थोडा ताठ आहे. अर्थात पोलादाला ताठ असावेच लागते.

माझी जोडी जमली ती वैजनाथशी. वैजनाथ यवतमाळकडून कामासाठी पुण्यात आलेला, ड्रिल मशीनवरचा कामगार. सकाळी आल्यावर तो आधी मला पुसायचा, मग स्वतःचा घाम. आमच्या हातून निघालेली झाकणे घेऊन पंप कुठे कुठे गेले! कोथरूडच्या सोसायट्यांच्या टाक्या त्यांनी भरल्या, दूध डेअरीत ते धावले, खडकवासल्याजवळ एका पाणी योजनेवरही जाऊन बसले. पाहुणे आले की कारखान्याचे मालक आनंदराव मला उचलून दाखवत. "हा आमच्याकडचा एकमेव कामगार, जो कधी रजा मागत नाही," असे म्हणत. पाहुणे हसत आणि वैजनाथ मला परत जागेवर ठेवी.

त्या काळी कारखान्यात एखादी गोष्ट बदलायची म्हणजे काय व्हायचे, ते सांगतो. चहाच्या वेळी कुणीतरी म्हणायचे, "उद्यापासून रबराची चकती जाड लावा." जो चहाला असेल त्याला ते कळायचे. जो नळावर हात धूत असेल त्याला कळायचे नाही. मग सकाळच्या पाळीत एक पंप आणि दुपारच्या पाळीत दुसराच. कागदावरचे चित्र तिसरेच काहीतरी सांगत असे. एकदा तर झाकणे नव्या मापाची आणि अंग जुन्या मापाचे असे झाले होते. नवरा एका कार्यालयात आणि नवरी दुसऱ्या, आणि वऱ्हाडी मधल्या रस्त्यावर घाम पुसत उभे, तशी त्या दिवशी जोडणी खात्याची अवस्था होती. तरी पंप खपत होते, कारण गिऱ्हाइकाला दुसरा पंप सहज मिळत नव्हता.

मग नव्वदीचे दशक आले आणि देशाची दारे उघडली. बाहेरचा माल आत आला, आमच्या मालाला बाहेर जायची वाट मिळाली, आणि गिऱ्हाईक प्रश्न विचारू लागले. परदेशातल्या एका कारखान्याने आमच्याकडे पंप मागितले. आनंदरावांना आनंद झाला आणि धास्तीही वाटली. त्यांनी एका तरुण इंजिनीअरला कामावर घेतले. तिचे नाव नम्रता. शिवाजीनगरहून ती लुनावर यायची, ओढणी कमरेला घट्ट बांधून सरळ यंत्रांमध्ये शिरायची. तिला काम एकच दिले होते. कारखान्यात होणारा प्रत्येक बदल शिस्तीत बसवायचा.

खरे सांगतो, मला ती पहिल्यांदा मुळीच आवडली नाही. जी व्यक्ती बदलाचीच नोकरी करते, ती साच्याला कशी आवडेल?

पण तिचे काम मी रोज पाहत होतो आणि पाहता पाहता माझे मत फिरत गेले. तिने सगळ्यांना जमवून पहिल्याच दिवशी सांगितले, "बदल करू नका असं मी म्हणत नाही. कळवल्याशिवाय करू नका, एवढंच म्हणते." दर मंगळवारी तिने एका मोठ्या टेबलाभोवती माणसे उभी करायला सुरुवात केली. खुर्च्या मुद्दामच ठेवल्या नाहीत. चित्र काढणारा, साचे बनवणारा, माल साठवणारा, जोडणी करणारा आणि बिघडलेले पंप दुरुस्त करायला गावोगाव जाणारा, असे सगळे. ज्याला काही बदलायचे असेल त्याने तिथे मांडायचे. का बदलायचे? यामुळे आणखी कशाकशाला धक्का लागेल? जुना माल पडून आहे त्याचे काय? आणि कोणत्या पंपापासून नवे सुरू? हे ठरले की नवे चित्र निघे. नवे चित्र हवे असेल तर हातातले जुने परत द्यायचे. बदलानंतरचा पहिला नग जोडून बघितल्याशिवाय दुसरा करायचा नाही. किती साधे होते सगळे! पण इतकी वर्षे ते कुणाला सुचले नव्हते, आणि सुचले असते तरी रोज पाठपुरावा करायची चिकाटी कुणात होती? नम्रताबाईंच्यात होती. कुणी चहाच्या कपाशी काही सांगू लागला की त्या हसून म्हणत, "मंगळवारी."

आनंदरावांना मात्र शंका होती. "नम्रताबाई, ही परदेशची ऑर्डर बिनचूक आणि वेळेवर गेली, तर तुमची पद्धत राहील. नाही गेली तर आमचा पूर्वीचा आरडाओरडाच बरा. त्याला निदान पगार द्यावा लागत नाही," असे त्यांनी सगळ्यांसमोर सुनावले. नम्रताबाईंनी मान हलवली. त्या दिवसापासून त्यांची सगळी मेहनत त्या एका ऑर्डरवर टांगली गेली.

आणि नेमका त्याच ऑर्डरसाठी झाकणात बदल ठरला. परदेशी पंपांना पाण्याचा दाब जास्त सोसायचा होता. त्यासाठी भोके किंचित बाहेर सरकवून बोल्ट जाड घ्यायचे ठरले. टेबलाभोवती चर्चा झाली, सगळ्यांनी होकार दिला. नव्या मापाचा साचा बाबुरावांनीच घडवला. माझ्या अंगावर लाल रंगाची मोठी फुली मारली गेली आणि मला भंगाराच्या ढिगाजवळ नेऊन ठेवले. इतक्या वर्षांनी माझ्या पाठीवर फुली! मला फार वाईट वाटले. बाबुराव तिकडून जाताना दुसरीकडे बघत गेले.

ते नवरात्राचे दिवस होते. भवानी पेठेतले अमीनभाई आमचे भंगार उचलत. ते टेम्पो घेऊन आले, पण त्यांनीच हात मागे घेतला. "उद्या तुमची हत्यारांची पूजा आहे बाबुराव. सणाच्या तोंडावर तुमच्याकडचं लोखंड मी नेणार नाही. दसरा होऊ द्या," असे म्हणून ते रिकामा टेम्पो घेऊन परत गेले.

मित्रांनो, खंडेनवमीला कारखान्यात काय गडबड असते ते तुम्ही पाहायला हवे. यंत्रे बंद असतात आणि माणसे ती घासत असतात. रॉकेलच्या फडक्याने प्रत्येक हत्यार लख्ख करायचे, तेलाचा एक डागही ठेवायचा नाही, मग हळदकुंकू, झेंडूच्या माळा आणि नारळ. वैजनाथ आपले मशीन घासून झाल्यावर माझ्याकडे आला. मला उचलून घेऊन गेला आणि घासू लागला. माझ्या कडा चमकल्या. मग त्याने लाल फुलीवर फडके फिरवले. एकदा, दोनदा, जोर लावून. फुली गेली. त्याने मला मशीनवर ठेवले, कुंकू लावले आणि हात जोडले. मी इतका सुखावलो की पुढे काय होईल याचा विचारही माझ्या मनाला शिवला नाही. नवा साचा त्या वेळी तपासणीच्या खोलीत कुलूपबंद होता. त्याला पूजाच मिळाली नाही.

दसऱ्याची सुट्टी संपली. त्या सकाळी वैजनाथ रजेवर होता. त्याच्या जागी दुसऱ्या खात्यातला ज्ञानदेव आला. मशीनवर मी बसलेलो, लख्ख, कपाळाला कुंकू. बदललेल्या झाकणाचे काम आज सुरू, हे त्याला ठाऊक होते. पण तयार ठेवलेला साचा तोच नवा, असे तो धरून चालला. पूजा झालेल्या साच्याचा पहिला नग काय तपासायचा, असेही त्याच्या मनात आले. त्याने काम सुरू केले आणि माझ्याकडून झाकणामागून झाकण निघत गेले. माझ्यात कसलीही खोट नव्हती. मी अगदी बरोबर जुना होतो.

जेवणानंतर जोडणी खात्यात बोल्ट आत जाईना. दुसरे झाकण घेतले, तेच. तिसरे, तेच. नम्रताबाई धावत आल्या, तशाच ड्रिल मशीनकडे गेल्या, त्यांनी मला उलटे करून नंबर वाचला आणि मशीन बंद करायला लावले. झाकणांचे ओतीव लोखंड मोजकेच आले होते. त्यातले निम्म्याहून जास्त वाया गेले होते.

आनंदराव आले. झाकणांची रास बघून म्हणाले, "तुमची पद्धत पूजेला बसली होती वाटतं."

कुणी हसले नाही.

बाबुराव पुढे झाले. "मॅडम, एक तोड हाय. झाकण जरा फिरवून नवी भोकं पाडू. जुनी भोकं बुजवू, वरनं घासू, रंग मारू. कुणाला कळायचं न्हाई. तुमचं खातं बी वाचंल."

"दाब आल्यावर पंपाला कळेल, बाबुराव," नम्रताबाई म्हणाल्या. "आणि भोकं बुजवणं हाही बदलच झाला. तो गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय करायचा नाही, असं मीच तुम्हाला शिकवलं ना?"

"म्हणजे आपण स्वतःच आपली बोंब मारायची?" आनंदरावांनी विचारले.

"हो साहेब. झालं ते खरं खरं लिहून फॅक्स करते. बुजवलेलं चालेल का, ते विचारते. आणि नाही म्हणाले तर नव्या झाकणांसाठी मुदत मागते."

"आणि मुदत दिली नाही तर तुमचं टेबल मी मंगळवारच्या आत उचलणार, हे लक्षात आहे?"

"आहे."

आनंदरावांनी वाया गेलेले एक झाकण उचलून पाहिले आणि परत राशीत टाकले. मग म्हणाले, "पाठवा." मित्रांनो, तेव्हा नम्रताबाईंचा चेहरा मी अगदी जवळून पाहिला, कारण मी त्यांच्याच हातात होतो. त्यांनी मला बाजूला ठेवले आणि फॅक्सचा मजकूर लिहायला घेतला. चूक झाकून स्वतःची नोकरी वाचवायची सोपी वाट समोर होती, आणि त्या तिच्यावरून गेल्या नाहीत. त्या क्षणापासून मी त्यांचा झालो, ते आजतागायत.

दुसऱ्या दिवशी वैजनाथ कामावर आला. त्याला सगळे कळले होते. तो सरळ नम्रताबाईंच्या पुढे जाऊन उभा राहिला.

"मॅडम, फुली म्या पुसली जी."

"तुम्हाला तो रंगाचा डाग वाटला?"

"खोटं कायले बोलू? मले माहीत होतं. पण खंडेनवमीले याले भंगारात कसं ठेवाव? याच्यावर तर माहं घर चाललं. पूजेपुरतं आणलं होतं, मंग परत नेऊन ठेवाचं रायलं."

सगळ्यांना वाटले, आता त्याला बोलणी बसणार. नम्रताबाई मात्र एक स्टूल ओढून बसल्या. "वैजनाथ, नवीन साचा कधी सुरू करायचा, कुणी करायचा, सगळं आपण ठरवलं. पण जुन्याने जायचं कुठे, हे मी ठरवलंच नाही. भंगारात टाका म्हणाले आणि मोकळी झाले. तुमच्या हाताला ते पटलं नाही. मीही इतकी वर्षं त्याच्यावर काम केलं असतं, तर मलाही पटलं नसतं."

बाबुरावांनी उगाच खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला.

परदेशातून उत्तर आले तेव्हा आनंदरावांनी फॅक्सचा कागद यंत्रांमध्ये उभे राहून वाचला. "बुजवलेली झाकणं नकोत म्हणतात. नवीन करा, आम्ही थांबतो म्हणतात." मग त्यांनी खालची ओळ वाचली. "कळवल्याबद्दल आभारही मानलेत. आता हे काय आभाराचं प्रकरण?" मग कागदाची घडी घालत त्यांनी विचारले, "नम्रताबाई, तुमच्या मंगळवारच्या मीटिंगला चहा कोण देतं?"

"कुणीच नाही."

"कँटीनला सांगा. माणसं उभी असतात, निदान घसा तरी ओला राहील."

आनंदरावांच्या तोंडून याहून मोठे कौतुक कारखान्यात कुणी ऐकलेले नव्हते. पद्धत राहिली. नव्या झाकणांचे पंप थोडे उशिरा पण बिनचूक गेले, आणि पुढच्या वर्षी त्याच गिऱ्हाइकाची दुप्पट मागणी आली.

तो फॅक्स आल्यानंतरच्या पहिल्याच मंगळवारी टेबलावर नम्रताबाईंनी स्वतः एक बदल मांडला, आणि तो त्यांच्याच पद्धतीतला होता. यापुढे कोणताही साचा जुना झाला की त्याला निरोप द्यायचा. आणि पहिला निरोप माझा झाला. बाबुरावांनी माझे बुश एकेक करून काढले, म्हणजे चुकूनही कुणी माझ्याकडून काम करून घेऊ नये. ते तेल लावून एका डबीत घातले आणि डबी माझ्याशेजारी ठेवली. वैजनाथने मला हार घातला. माझ्या पाठीवर पुन्हा लाल फुली मारायची होती. ब्रश नम्रताबाईंनी वैजनाथच्याच हातात दिला. त्याने ती अगदी नीट, सरळ रेघांत काढली. मग मला या काचेच्या कपाटात आणून ठेवले. त्या दिवसापासून एकही जुना साचा चुकून परत यंत्रावर गेला नाही. जुन्यासाठी मानाची जागा मिळाली की माणसे ते आपणहून तिथे नेऊन ठेवतात.

वर्षे गेली. माझ्या शेजारी दुसरे साचे येऊन बसले. कागदी चित्रे कमी झाली, संगणक आले. एक दिवस हिंजवडीहून सृष्टी नावाची मुलगी लॅपटॉप घेऊन आली. नम्रताबाईंची सगळी पद्धत तिला संगणकात बसवायची होती. ती दिवसभर एकेक पायरी विचारत होती. शेवटच्या पायरीला ती अडखळली.

"मॅडम, ही स्टेप काय आहे? निरोप? हार? सिस्टीममध्ये असं काही नसतं. आपण डायरेक्ट डिलीट करू ना."

"डिलीट नाही करायचं. जुनं कुठे आहे ते कळलं पाहिजे. ती स्टेप बसवा."

"क्लायंटच्या स्टँडर्डमध्ये नाहीये पण..."

"आमच्या स्टँडर्डमध्ये आहे," नम्रताबाई म्हणाल्या. आता त्यांचे केस पांढरे होऊ लागले होते, पण ओढणी अजून कमरेलाच बांधलेली होती. सृष्टी हसली आणि तिने ती पायरी बसवली. आजही तिथे टिचकी मारल्याशिवाय बदल पुरा होत नाही.

एका उन्हाळ्यात खडकवासल्याजवळच्या त्या पाणी योजनेतून फोन आला. माझ्या काळातला पंप बंद पडला होता, झाकणाला तडा गेला होता, आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांचे पाणी थांबले होते. नव्या मापाचे झाकण त्याला बसणार नव्हते. संगणकाने लगेच सांगितले की तो पंप जुन्या मापाचा आहे, त्याचा साचा कपाटात आहे आणि बुश डबीत आहेत. नम्रताबाईंनी तिथेच माणसे उभी करून सगळ्यांचा होकार घेतला, एका झाकणापुरता. वैजनाथने कपाट उघडले. माझे बुश परत बसवले, नव्या यंत्रावर मला चढवले आणि एक झाकण केले. एकच. मग पुन्हा बुश डबीत आणि मी कपाटात. लोकांच्या घागरी भरल्या. मला भंगारात टाकले असते, तर त्या दिवशी कुणाला हाक मारली असती?

मित्रांनो, म्हणून तुमच्याकडे माझे एवढेच मागणे आहे. तुमच्या हातून काहीही बदलायचे असेल तर खुशाल बदला, मी आड येणार नाही. पण ज्याचे त्यावर काम अडते त्याला आधी सांगा. आणि जे जुने झाले त्याला फेकू नका, मानाने बाजूला बसवा. चूक झाली तर रंग मारून झाकू नका. हे मला नम्रताबाईंनी शिकवले, आणि मी पोलादाचा असूनही ते माझ्या अंगात मुरले आहे.

परवा खंडेनवमी झाली. वैजनाथची नोकरीतली ती शेवटची पूजा होती, दिवाळीनंतर तो निवृत्त होणार. कारखान्यात घासपूस चालली होती. तो फडके घेऊन कपाटाशी आला आणि त्याने मला बाहेर काढले. माझ्या कडा पुसल्या, नंबर पुसला, कोपरे पुसले. मग फडके फुलीजवळ आले आणि थांबले. त्याने फडक्याचे टोक बोटाला गुंडाळले आणि फुलीच्या कडेकडेने, रंगाला धक्का न लावता, सगळी धूळ काढली. कुंकू त्याने फुलीच्या शेजारी लावले.